डॉक्टरांची औषधयोजना : नियम आणि सवय

डॉक्टरांच्या औषधयोजनेस शिस्त लावण्याचे प्रयत्न आपल्याकडे प्रथम नियमांच्या मार्गाने झाले. १९७५ साली जयसुखलाल हाथी यांच्या समितीने औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची शिफारस केली; २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने मूळ नावाचा आग्रह धरिला. लेखणीचे वळण मात्र फारसे बदलले नाही.

इंग्लंडात २०१४ साली निराळा उपाय योजिला गेला. प्रतिजैविके सर्वाधिक लिहिणाऱ्या दवाखान्यांना प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यांचे पत्र गेले : तुमच्या भागातील ८० टक्के दवाखाने ही औषधे तुमच्याहून कमी लिहितात. त्यात दंडाचे भय नव्हते. तरी सहा महिन्यांत प्रमाण ३.३ टक्क्यांनी उतरले. शेजाऱ्याशी झालेली तुलना नियमापेक्षा अधिक बोचते, हे वर्तनलक्षी अर्थशास्त्राचे मर्म येथे दिसते.

शिरूर-दौंड भागात हा उपाय आणावयाचा तर अडचण मुळातच आहे. खेड्यातील खाजगी डॉक्टर पुष्कळदा चिठ्ठी न लिहिता गोळ्यांची पुडी स्वतःच बांधून देतो. रोग्यास औषधाचे नावही कळत नाही. मग तुलना कशाची करावयाची? शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ साली २२ गावांतील जन्म, मृत्यू व स्थलांतरे यांची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. माणसे घरोघर जाऊन मोजता आली. पुडीतील गोळ्या डॉक्टराने स्वतः वही उघडल्यावाचून मोजता येणार नाहीत.