उपचार

हेदवीच्या दशभुज गणपतीच्या देवळात असो की घरच्या देव्हाऱ्यापुढे, पूजा यथासांग झाली की आपण म्हणतो, षोडशोपचार पूजा झाली. आसन, पाद्य, अर्घ्य... आलेल्याला आधी बसायला द्यायचं, पाय धुवायला पाणी द्यायचं. हा उपचार आणि डॉक्टरांचा उपचार, शब्द एकच. ‘चर्’ म्हणजे चालणं, वावरणं. ‘उप’ म्हणजे जवळ. जवळ जाऊन केलेली सेवा तो उपचार. परिचारिका त्याच धातूची, रुग्णाभोवती वावरणारी. विचार तिथलाच आणि कोकणात दबक्या आवाजात उच्चारला जाणारा ‘संचार’ही तिथलाच. घरातली सून बोलेनाशी झाली, रात्र रात्र जागू लागली, की ‘बाहेरचं काहीतरी आहे’ म्हणत आधी देवाला कौल लावतात, गाऱ्हाणं घालतात. संचारापासून उपचारापर्यंत बदलतो तो फक्त उपसर्ग. माणसाची मात्र तेवढ्यात वर्षं निघून जातात.

रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ सालचं. जुन्या माणसांच्या तोंडी ते अजून ‘वेड्यांचं इस्पितळ’च. भजनाचं वेड कौतुकाचं, पण ‘वेडा’ हा शिक्का जन्माचा. त्यापेक्षा ‘मनोरुग्ण’ मला खरा वाटतो. ‘रुज्’ म्हणजे मोडणं. रुग्ण म्हणजे मोडलेला. हात मोडला तर कुणी लपवून ठेवत नाही.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ने मनाच्या आजारावरचे उपचार हक्काचे केले. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, हातात कार्ड असो वा नसो, सरकारी सेवा मोफत. ती परवडणारी हवी, तशीच अंतरानेही आवाक्यातली हवी, असं ते कलम सांगतं. म्हणजे ‘उप’ कायद्यातच लिहिलेला आहे!

आता हेदवीहून रत्नागिरी गाठून पाहा. तवसाळला जायचं, फेरीबोटीने खाडी ओलांडून जयगड, तिथून पुढे पुन्हा रस्ता. रुग्णाबरोबर घरचं कुणीतरी लागतंच. गोळ्या मोफत, पण दोघांचा रोज बुडतो, भाडं वेगळं. मग एक महिना चुकतो, पुढचाही चुकतो आणि औषध सुटतं. २०२२पासून ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, त्याचा आधार मोठा, पण माजघरात सगळ्यांच्या देखत सुनेने फोनवर काय बोलावं? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तर मुळात गावाजवळ पोहोचण्यासाठीच आहे. सरकारी पैसा आधी तिथे लागायला हवा: हेदवीच्या तालुक्याच्या गावी, गुहागरात, ठरलेल्या वारी मानसोपचारतज्ज्ञ, आणि महिन्याच्या गोळ्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात.