मार्टिन एक्सबी-907

अमेरिकेतील ग्लेन एल. मार्टिन कंपनीने बाल्टिमोर येथे तयार केलेले दोन इंजिनांचे प्रायोगिक मध्यम बॉम्बफेकी विमान. कंपनीकडील नाव मॉडेल 123. सैन्याची मागणी नसताना कंपनीने ते स्वखर्चाने बांधले. पहिले उड्डाण 16 फेब्रुवारी 1932 रोजी झाले. याच नमुन्यातून पुढे बी-10 हे विमान आले. बी-10 च्या प्रसिद्धीमुळे मूळ नमुना मागे पडला. पण खरी झेप नमुन्याचीच होती.

त्या काळी अमेरिकी सैन्याकडची बॉम्बफेकी विमाने कापडाने मढवलेली, द्विपंखी आणि संथ होती. बोइंगच्या बी-9 ने 1931 मध्ये धातूचा सांगाडा व एकच पंख आणला, तरी त्याचे बॉम्ब बाहेरच लटकत. मार्टिनच्या अभियंत्यांनी विमानाचे पोट खोल केले आणि बॉम्ब आतल्या कप्प्यात घेतले. उड्डाणानंतर चाकेही वर ओढून घेता येत. हवेचा अडथळा घटला, वेग वाढला. सुमारे 600 अश्वशक्तीची दोन राइट सायक्लोन इंजिने असलेल्या या विमानाने पहिल्या चाचण्यांत ताशी सुमारे 317 किमी. वेग गाठला. वैमानिक मात्र अजून उघड्यावरच बसत.

सैन्याने सुधारणा सुचवून विमान कंपनीकडे परत पाठवले. पंखांचा विस्तार सुमारे 19 मीटरवरून साडेएकवीस मीटर झाला, इंजिने अधिक शक्तीची व पूर्ण आवरणाची बसवली, आणि नाकावर मशीनगनची बंदिस्त फिरती घुमटी आली. अमेरिकी बॉम्बफेकी विमानावरची ही पहिलीच. एक्सबी-907ए या नव्या रूपाचा वेग ताशी सुमारे 333 किमी. भरला. सैन्याची पी-12 ही लढाऊ विमाने ताशी सुमारे 300 किमी. वेगाने उडत, म्हणजे शिकारीच मागे पडू लागला.

17 जानेवारी 1933 रोजी सैन्याने 48 विमानांची मागणी नोंदवली. विमानविद्येतील कामगिरीसाठी दिला जाणारा 1932 चा कॉलियर करंडक कंपनीचे संस्थापक मार्टिन यांना मिळाला. 1934 मध्ये सैन्याचे हवाई अधिकारी हेन्री अर्नोल्ड यांनी दहा बी-10 विमानांचा ताफा वॉशिंग्टनहून अलास्काला नेऊन आणला.

बॉम्बफेकी विमानाला अडवणे अशक्य आहे, हा समज त्या दशकात युरोप-अमेरिकेत पक्का झाला. ब्रिटनचे राजकीय नेते स्टॅन्ली बाल्डविन यांनी नोव्हेंबर 1932 मध्ये संसदेत तसेच सांगितले. त्यांचा रोख या विमानाकडे नव्हता. तरी अमेरिकी हवाई अधिकाऱ्यांना आपल्या मताचा पुरावा यातच दिसला. हा निष्कर्ष घाईचा होता. लढाऊ विमानांनीही लवकरच एकपंखी धातूची रचना आणि आत ओढली जाणारी चाके स्वीकारली. 1942 मध्ये डच ईस्ट इंडीजमध्ये जपान्यांशी लढताना डचांची बी-10 मालिकेतील मार्टिन विमाने कालबाह्य ठरली होती.

या मालिकेतील अर्जेंटिनाला विकलेले एक विमान अमेरिकी हवाई दलाच्या डेटन, ओहायो येथील संग्रहालयात आहे.