तीन तोंडांचा राक्षस आणि पाच विद्यार्थी

नियतकालिकाला नाव देताना बहुधा प्रकाश, संदेश, जागृती असा एखादा उदात्त शब्द निवडला जातो. एप्रिल १९६९ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरी पाच विद्यार्थ्यांनी जे मासिक सुरू केले, त्याचे नाव मात्र त्यांनी जपानी चित्रपटातील एका राक्षसावरून ठेवले. ‘किंग घिदोरा’ हा तीन तोंडांचा उडता राक्षस १९६४ च्या चित्रपटात अवतरला होता. त्याच्या नावाचे स्पेलिंग चुकले आणि ‘गिद्रा’ हेच नाव कायम झाले. नावात थट्टा होती. कामात ती नव्हती.

या मासिकाचे बहुतेक कार्यकर्ते जपानी वंशाच्या तिसऱ्या पिढीतील होते. त्यांच्या आजोबांना कॅलिफोर्नियात १९१३ च्या कायद्याने जमीन खरेदी करता येईना. १९२४ साली जपानमधून येणाऱ्यांना दारच बंद झाले, आणि आधी आलेल्यांना नागरिकत्व मिळण्यास १९५२ साल उजाडावे लागले. त्याहून खोल जखम १९४२ ची. त्या वर्षी १९ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशान्वये सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरदार, शेती, दुकाने सोडून काटेरी कुंपणाआडच्या छावण्यांत जावे लागले. त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. गुन्हा कोणावरही सिद्ध झाला नव्हता.

युद्ध संपले, माणसे परतली, आणि घरोघरी मौन पसरले. आईवडिलांनी मुलांना छावणीविषयी फारसे काही सांगितले नाही. अपमान सोसलेल्या माणसाला आपल्या लेकरांपुढे तो उच्चारण्याचीही लाज वाटते, हे आम्हां धर्मगुरूंना अनेक घरांच्या उंबरठ्यावर कळून चुकले आहे. पुढे १९६६ पासून अमेरिकन वृत्तपत्रे याच समाजाला ‘आदर्श अल्पसंख्य’ म्हणून गौरवू लागली. मुकाट्याने कष्ट करणारे, कधी तक्रार न करणारे लोक, अशी ती स्तुती होती. तिच्या आड मुलांचे प्रश्न दडून गेले.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील माईक मुरासे, दिनोरा गिल, लॉरा हो, कॉलिन वातानाबे आणि ट्रेसी ओकिदा यांनी प्रथम विद्यापीठाकडेच साहाय्य मागितले. पैसा मिळू शकत होता, पण त्याबरोबर देखरेखही येणार होती. तेव्हा पाचही जणांनी प्रत्येकी १०० डॉलर काढले आणि ५०० डॉलरच्या भांडवलावर पहिला अंक निघाला.

त्या वर्षी डॉ. थॉमस नोगुची या जपानी वंशाच्या सरकारी शवचिकित्सकाला कामावरून दूर करण्यात आले होते. समाज त्यांच्या पाठीशी उभा राहिला, ‘गिद्रा’ने ते प्रकरण उचलून धरले आणि त्याच उन्हाळ्यात डॉक्टर पुन्हा पदावर आले. ऑक्टोबर १९६९ मध्ये एमी उयेमात्सु या तरुणीचा ‘पीत-शक्ती’वरील लेख छापून आला. आमच्या चेहऱ्याची, आमच्या रंगाची लाज आम्ही का बाळगावी, हा त्याचा मथितार्थ. जानेवारी १९७१ चा अंक स्त्रियांना वाहिलेला होता. व्हिएतनाम युद्धावर तर सातत्याने लिहिले गेले. सैनिकी प्रशिक्षणात आशियाई वंशाच्या अमेरिकन जवानालाच उभे करून ‘शत्रू असा दिसतो’ असे इतरांना दाखवले जाई. स्वदेशासाठी लढायला निघालेल्या मुलाला हे ऐकावे लागे! शिवाय मादक गोळ्यांपायी वाया जाणारे तरुण, ‘लिटल टोकियो’ वस्तीतील पाडापाडी, एकाकी वृद्ध, हेही विषय असत. सोबत कविता, चित्रे आणि व्यंगचित्रे.

डिसेंबर १९६९ मध्ये सुमारे १५० जण कडाक्याच्या थंडीत मांझानार येथील ओसाड छावणीच्या यात्रेला गेले. तरुणांना वाटले, ही पहिलीच यात्रा. परंतु एक बौद्ध आणि एक ख्रिस्ती धर्मोपदेशक १९४५ पासून दरवर्षी तेथे जात होते! तेथील दफनभूमीत १९४३ साली उभारलेला एक शुभ्र स्तंभ आहे. तो बांधणारे गवंडी र्योझो काडो हे कॅथलिक. त्यावरील मृतात्म्यांच्या सांत्वनाची अक्षरे बौद्ध पुरोहिताच्या हातची. दुःखात माणसे किती जवळ येतात, याची ही साक्ष आम्हांला फार मोलाची वाटते.

‘गिद्रा’त सर्वच काही निर्दोष होते असे नव्हे. भाषा कित्येकदा भडक असे, घोषणा विचारावर मात करीत, आणि वडीलधाऱ्या पिढीच्या मौनामागील वेदना तरुणांना नेहमीच उमगली असे दिसत नाही. मात्र कोणीही वेतन घेतले नाही. पाच वर्षांत सुमारे अडीचशे जणांनी या कामाला हात लावला. एप्रिल १९७४ च्या अंकानंतर मासिक थांबले. त्या अंकात मुरासे यांनी पाच वर्षांचा जमाखर्च मांडला आणि आपल्या कार्याला ‘अनवाणी पत्रकारिता’ म्हटले.

मग साधले काय? १९८१ साली सरकारी आयोगापुढे साडेसातशेहून अधिक साक्षीदार उभे राहिले, आणि चाळीस वर्षे गप्प राहिलेले आईवडील रडत रडत बोलले. १९८८ च्या कायद्याने अमेरिकेने क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला २०,००० डॉलर दिले. हे श्रेय एका मासिकाचे नव्हे. त्यामागे अनेक संघटनांचे, वकिलांचे आणि लोकप्रतिनिधींचे श्रम आहेत. परंतु घरातील मौनाला प्रश्न विचारण्याचे धैर्य ज्यांनी प्रथम दाखवले, त्यांत या पानांचा वाटा निश्चित आहे.

पाच वर्षांत बंद पडलेले मासिक अयशस्वी म्हणावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. नियतकालिकाचे आयुष्य त्याच्या अंकांच्या संख्येवर मोजू नये. त्याने कोणाच्या तोंडी शब्द दिले, हे पाहावे. वाचकहो, आपल्याही घरात एखादी आजी असेल, जिची हकीगत अजून कोणी विचारलेली नाही. अंक मिटून ठेवण्यापूर्वी तिच्याजवळ घटकाभर बसावे, एवढेच मागणे.