दहा हजारांत आठजणी

पाळी जाण्याच्या वयात घ्यायच्या हॉर्मोनच्या गोळ्यांबद्दल जालावर शोधायला बसलं की पहिल्या दहा मिनिटांतच डोकं गरगरायला लागतं. एक पान सांगतं, या गोळ्यांनी स्तनांचा कॅन्सर होतो, वाटेला जाऊ नका. पुढचं पान सांगतं, या गोळ्या उगाच बदनाम झाल्या, हाडं आणि झोप दोन्ही शाबूत हवी असेल तर जरूर घ्या. दोन्ही पानांवर पांढऱ्या कोटातले डॉक्टर हसतायत. गंमत म्हणजे दोघांपैकी कुणीच सरसकट खोटं बोलत नाहीये.

आमच्या नात्यातल्या आणि मैत्रिणींमधल्या बऱ्याचजणी सध्या या वयात आहेत. मीही आहेच. त्यामुळे "तू वाचत असतेस ना, मग सांग काय खरं ते" असा फोन अधूनमधून येतोच. उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण त्यामागे ऐंशीएक वर्षांचा इतिहास आहे. तो कळला की जालावरची पानं कशी वाचायची तेही बरंचसं कळतं, असं माझं मत झालंय. म्हणून हा प्रपंच.

१९४२ साली अमेरिकेत प्रेमारिन नावाची गोळी बाजारात आली. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन. (नावही त्यावरूनच पडलंय, इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून!) अंगातून गरम वाफा येणं, रात्री घामाने भिजून जाग येणं, यावर ती खरोखरच गुणकारी होती. त्याबद्दल कधी वाद नव्हता. वाद झाला तो या गोळीने आणखी काय काय होतं यावर.

१९६६ साली रॉबर्ट विल्सन या न्यूयॉर्कच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं 'फेमिनिन फॉरेव्हर' हे पुस्तक आलं. पाळी जाणं हा वयाचा टप्पा नाही, तो कमतरतेचा रोग आहे, मधुमेह्याला इन्सुलिन तसं बाईला इस्ट्रोजेन, असा एकूण सूर. पुस्तक धडाक्यात खपलं, गोळ्याही खपल्या. पुस्तक लिहिण्याचा खर्च प्रेमारिन बनवणाऱ्या वायेथ कंपनीने केला होता, असं विल्सन यांच्या मुलाने न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं. कधी? २००२ साली. म्हणजे पुस्तक वाचून गोळ्या सुरू करणाऱ्या बाईला ही गोष्ट कळायला छत्तीस वर्षं लागली.

डिसेंबर १९७५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन अभ्यास एकदमच छापून आले. नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होण्याची शक्यता एका अभ्यासात साडेचार पट, तर दुसऱ्यात साडेसात पट. इस्ट्रोजेनने हे अस्तर वाढत जातं आणि ते आवरायला प्रोजेस्टेरॉनसारखं दुसरं हॉर्मोन लागतं. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या बायकांना दोन्ही मिळून द्यायची पद्धत रुळली.

त्यानंतर जे झालं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत बोलकं वाटतं. १९७७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ठरवलं की इस्ट्रोजेनच्या पाकिटासोबत बाईला वाचता येईल अशा भाषेत धोक्यांचा कागद द्यायचा. तर औषध कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. आणि त्यांच्या बाजूने कोण उभं राहिलं? स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना! रुग्णाला काय सांगायचं ते डॉक्टर ठरवील, सरकारने मध्ये पडू नये, असं त्यांचं म्हणणं. विरुद्ध बाजूला एफडीएच्या मदतीला नॅशनल विमेन्स हेल्थ नेटवर्क ही बायकांची संघटना होती. १९७५ साली ती ज्यांनी उभी केली, त्यांतल्या ॲलिस वुल्फसन यांनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी १९७० मध्ये गर्भनिरोधक गोळ्यांवरच्या सिनेटच्या सुनावणीत उभं राहून आरडाओरडा केला होता: गोळ्या आम्ही घेतो, मग साक्ष द्यायला आमच्यातली एकही कशी नाही? त्या गोंधळानंतर गर्भनिरोधक गोळ्यांसोबत माहितीचा कागद देणं सुरू झालं होतं. इस्ट्रोजेनचा खटला १९८० मध्ये निकाली निघाला आणि कागद टिकला.

आज औषधाच्या खोक्यातला तो घडीचा कागद आपण न उघडताच फेकून देतो. त्याच्यासाठी कुणीतरी कोर्टात लढलंय हे आठवावं.

माहिती माणसाच्या थेट हातात देणं कुणालातरी खटकतं, ही गोष्ट काही अमेरिकेपुरती नाही. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, आणि वाचकांनी लाजतकाजत विचारलेल्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर १९३४ मध्ये खटला चालला. त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. कर्वे तो खटला हरले, दंड भरला आणि मासिक चालूच ठेवलं.

असो. गोळ्यांकडे परत येऊ.

१९८० च्या दशकात नवी आशा आली: या गोळ्यांनी म्हणे हृदयविकार टळतो. ऑक्टोबर १९८५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलच्या एकाच अंकात दोन अभ्यास छापून आले. हजारो परिचारिकांच्या अभ्यासात गोळ्या घेणाऱ्यांना हृदयविकार कमी दिसला. फ्रेमिंगहॅम या गावच्या अभ्यासात तो जास्त दिसला. एकच मासिक, एकच अंक! तेव्हा जालावरच परस्परविरोधी माहिती असते असं कुणी म्हणालं तर मला हा अंक आठवतो.

असं का होतं? दोन्ही अभ्यासांत बायकांनी गोळ्या घ्यायच्या की नाही ते स्वतः (किंवा त्यांच्या डॉक्टरांनी) ठरवलं होतं, संशोधकांनी फक्त नोंदी ठेवल्या. आता गोळ्या घेणाऱ्या बायका सहसा बऱ्या परिस्थितीतल्या, शिकलेल्या, डॉक्टरकडे नियमित जाणाऱ्या. त्यांचं हृदय चांगलं राहिलं ते गोळ्यांमुळे की एकूण राहणीमुळे? नुसत्या नोंदींवरून हे वेगळं काढणं महाकठीण. त्यासाठी चिठ्ठी टाकल्यासारखं करावं लागतं: निम्म्या बायकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी, आणि कुणाला काय मिळालं ते कुणालाच ठाऊक नाही.

तसा मोठा प्रयोग करायचं १९९१ मध्ये ठरलं. अमेरिकेच्या एनआयएचच्या प्रमुखपदी पहिल्यांदाच एक बाई आल्या होत्या, डॉ. बर्नाडीन हीली. त्यांनी 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' जाहीर केलं. दोन्ही हॉर्मोन्स एकत्र असलेल्या गोळीच्या चाचणीत ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ बायका होत्या. साडेआठ वर्षं चालायची चाचणी सरासरी ५.२ वर्षांतच थांबवली आणि ९ जुलै २००२ रोजी निकाल जाहीर झाला. स्तनांचा कॅन्सर २६ टक्के जास्त, हृदयविकार २९ टक्के जास्त, पक्षाघात ४१ टक्के जास्त.

जगभर हलकल्लोळ माजला. न्यू जर्सीतल्या आमच्या एका मामींनी बातमी ऐकून त्याच रात्री गोळ्या कचऱ्यात टाकल्या आणि पुढचं वर्षभर धड झोपल्या नाहीत. अशा लाखो बायका होत्या.

आता त्याच निकालाचे दुसरे आकडे बघा. दहा हजार बायका वर्षभर गोळी घेत असतील तर त्यांच्यात गोळीमुळे ८ जास्तीचे स्तनांचे कॅन्सर, ७ हृदयविकार, ८ पक्षाघात, आणि ८ जणींच्या फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या. उलट मोठ्या आतड्याचे कॅन्सर ६ ने कमी, आणि खुब्याचं हाड मोडणं ५ ने कमी. खोट्या गोळीवर दहा हजारांत ३० जणींना स्तनांचा कॅन्सर झाला, खऱ्या गोळीवर ३८ जणींना. तीसचे अडतीस म्हणजेच ते सव्वीस टक्के! दोन्ही आकडे खरे, पण एक ऐकून काळजात धस्स होतं आणि दुसरा ऐकून माणूस विचार करायला लागतो.

हा दुसरा आकडा काही लपवलेला नव्हता. मूळ निबंधाच्या सारांशातच तो आहे. आणि १९९७ पासून पबमेड सगळ्यांना फुकट खुलं असल्यामुळे तो सारांश आपल्याला घरबसल्या वाचता येतो. १९७५ मधल्या बाईला त्यासाठी वैद्यकीय ग्रंथालयाची पायरी चढावी लागली असती. इंग्रजी निबंध जड जात असेल तर मेडलाइनप्लस आहे, सोप्या भाषेत, १९९८ पासून.

पुढे आणखी एक गोष्ट नीट तपासली गेली. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. आपल्याकडे पाळी जाते साधारण ४६-४७ च्या सुमारास. त्रेसष्टाव्या वर्षी हॉर्मोन सुरू करणं आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वाफांच्या त्रासासाठी सुरू करणं सारखं नाही, हे नंतरच्या विश्लेषणांतून दिसत गेलं. २०१७ मध्ये अठरा वर्षांचा हिशेब छापून आला, तेव्हा एकूण मृत्यूंमध्ये गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटांत फरक निघाला नाही.

मग फक्त वैद्यकीय मासिकांवरच भरवसा ठेवावा का? तर तिथेही गोम आहे. २००९ मध्ये एका खटल्यातली कागदपत्रं खुली झाली. या गोळ्यांची भलामण करणारे २६ निबंध वायेथने पैसे देऊन भाडोत्री लेखकांच्या मदतीने तयार करवले होते, वर नावं मात्र नामवंत डॉक्टरांची. १८ मासिकांत ते छापून आले होते. म्हणजे पबमेडवर सापडलं म्हणून सोवळं, असंही नाही. संकेतस्थळांवर विश्वासाचा शिक्का मारणारी जिनिव्हाची एचओएन संस्थाही २०२२ च्या शेवटी बंद झाली, त्यामुळे जुन्या पानांवर तो शिक्का दिसला तरी त्याला आज अर्थ नाही.

शिक्का शोधत बसण्यापेक्षा मी आता पानाला चार प्रश्न विचारते. पैसे कुणाचे? चिठ्ठी टाकून केलेला प्रयोग आहे की नुसती नोंद? किती जणींमध्ये किती? आणि त्या बायका कोण होत्या, माझ्या वयाच्या की माझ्या आईच्या? चारही प्रश्न या एकाच गोळीच्या इतिहासातून आलेत आणि प्रत्येकामागे बायकांनी मोजलेली किंमत आहे. लोह, थायरॉइड, पीसीओएस, काहीही शोधत असलात तरी ते लागू पडतात. व्हॉट्सॲपवर आलेल्या "सर्व भगिनींपर्यंत पोचवा" छाप निरोपाला तर पहिल्याच प्रश्नात घाम फुटतो :)

या प्रश्नांनी उत्तर मिळतंच असं नाही. गुठळ्यांचा इतिहास असलेल्या बाईचा हिशेब वेगळा, हाडं ठिसूळ असलेल्या बाईचा वेगळा, आणि तो डॉक्टरांसमोर बसूनच करायचा. पण हातात आकडा घेऊन गेलं की बोलणं बदलतं, हा माझा अनुभव. "घेऊ का?" याऐवजी "माझ्यासारख्या दहा हजारांत किती?" असं विचारलं की चांगले डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बोलायला लागतात.

ताजी खबर म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये एफडीएने या औषधांवरच्या काळ्या चौकटीतला हृदयविकार, स्तनांचा कॅन्सर आणि स्मृतिभ्रंशाबद्दलचा इशारा काढायचं जाहीर केलं. नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराला असलेल्या धोक्याचा इशारा मात्र ठेवला. म्हणजे १९७५ च्या त्या दोन निबंधांचं म्हणणं पन्नास वर्षांनंतरही पाकिटावर आहे. यावरही उलटसुलट मतं येत राहतीलच. वाचताना तारीख बघा, आणि खोक्यातला तो कागद एकदा तरी पूर्ण उघडून वाचा.