डांबराची वेळ

मराठीत डांबर या शब्दाला फारशी इज्जत नाही. लबाड माणूस डांबरट, कपाटातल्या उग्र वासाच्या गोळ्या डांबराच्या, आणि कुणाचं तोंड काळं करायचं तरी डांबरच आठवतं. पण गेले दोन-तीन महिने मी या काळ्या पदार्थाच्या मागे लागलोय, आणि मंडळी, त्याचा इतिहास आपल्या समजुतीपेक्षा बराच लांबचा निघाला.

निमित्त आमच्या सोसायटीचा रस्ता. मांजर्लीत फाटकापासून मागच्या इमारतीपर्यंत जेमतेम सत्तर मीटरचा. ठेकेदाराने कोटेशन दिलं: जुन्यावरच ७५ मिलिमीटर बीबीएम आणि त्यावर २० मिलिमीटर कार्पेट. बीबीएम म्हणजे खडी पसरायची, वरून गरम डांबर शिंपडायचं, रोलर फिरवायचा. बेरीज केली तर ९५ मिलिमीटर, म्हणजे पावणेचार इंच. आमच्या तळमजल्यावरच्या काकूंच्या दाराशी इमारत झाली तेव्हा दोन पायऱ्या होत्या. दोन वेळा "नवा रस्ता" झाला आणि आता एक पायरी उरली आहे, तीही चार इंचांची. पुढचं गणित तुम्हीच करा.

आता जरा मागे जाऊ. अगदी मागे. मोहेंजोदडोचं महास्नानगृह शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी पाहिलंय. विटांच्या भिंतींमागे पाणी झिरपू नये म्हणून तिथे डांबराचा सुमारे इंचभर जाडीचा थर दिलेला सापडला. चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं काम! म्हणजे डांबराचं जुनं काम गाडी चालवणं नव्हतं, पाणी अडवणं होतं. रस्त्यावर ते फार उशिरा आलं. स्कॉटलंडच्या मॅकॅडमने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोडलेल्या खडीचे रस्ते रूढ केले, तेव्हा त्यात डांबर नव्हतंच. घोडागाडीला तेवढं पुरत होतं. मोटारी आल्या, त्यांच्या चाकांनी बारीक माती उडायला लागली, खडी मोकळी व्हायला लागली, आणि मग हूली नावाच्या ब्रिटिश सर्वेक्षकाने १९०२ मध्ये डांबर-खडीच्या मिश्रणाचं पेटंट घेतलं. (बदलापूर हे नाव घोडे बदलायचं ठिकाण म्हणून पडलं असं आपल्याकडे सांगतात. ते घोडे खडीवरून नाहीतर मातीवरूनच धावले असणार.)

आपल्याकडच्या रस्त्यांच्या इतिहासात दोन ठिकाणी मराठी मुलूख येतो, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. पुण्यात शिकलेल्यांना जयकर ग्रंथालय ठाऊक असतं. तेच बॅरिस्टर मुकुंदराव जयकर १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते समितीचे अध्यक्ष होते. मोटारींनी रस्ते उखडतात, तर पैसाही मोटारींनीच द्यावा, असा त्यांच्या समितीचा सरळ हिशेब. पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. दुसरं ठिकाण नागपूर. १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते तिथे जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा आराखडा केला. राष्ट्रीय, राज्य, जिल्हा आणि गावाचे रस्ते ही वर्गवारी त्या आराखड्यातली.

डांबर मुबलक झालं ते १९५४-५५ मध्ये ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाने आल्यावर. इथे एक घोटाळा मिटवायला हवा. मराठीत आपण दोन वेगळ्या पदार्थांना एकच नाव देतो. एक दगडी कोळशापासून निघणारं डांबर. कपाटातल्या गोळ्या त्याच कुळातल्या. दुसरं कच्च्या तेलाचा तळगाळ, म्हणजे बिटुमेन, आणि आजचा रस्ता याचा असतो. फरक किरकोळ नाही. अमेरिकेत घरापुढच्या डांबरी वाटेवर लोक दर काही वर्षांनी काळा लेप देतात. आमचा न्यू जर्सीतला मावसभाऊ सुट्टीच्या दिवशी हातात लांब झाडू घेऊन हेच करत असतो. त्या लेपांपैकी कोळशाच्या डांबराचे लेप कर्करोगाला कारण ठरणाऱ्या द्रव्यांमुळे ऑस्टिन शहराने २००६ मध्ये बंद केले. भावाला विचारलं, तर त्याचा डबा बिटुमेनचा निघाला. हुश्श.

माझ्या लहानपणी रस्त्याचं काम म्हणजे जत्राच असायची. डांबराची पिंपं, खाली लाकडांचा जाळ, पायांना गोणपाट गुंडाळलेले मजूर, घमेली वाहणाऱ्या बाया, आणि छिद्रांच्या झारीने डांबर शिंपडणारा एक मुख्य माणूस. रिकामी पिंपं कापून, ठोकून सपाट केली की त्यांचे पत्रे व्हायचे आणि त्याच मजुरांच्या झोपड्यांवर चढायचे. त्या बायांच्या पावलांचा विचार तेव्हा आला नव्हता, आता येतो. असो.

तर मुद्दा वेळेचा. डांबराचे दोन शत्रू, ऊन आणि पाणी, आणि आमच्या मांजर्लीत दोन्हींना तोटा नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो आणि काळा रस्ता हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. त्या उन्हात हवेतल्या प्राणवायूने डांबर हळूहळू कडक होतं, ठिसूळ होतं, केसासारख्या भेगा पडतात. मग जून येतो. भेगेतून पाणी आत जातं, आणि खरी गोम इथे आहे: दगडाला डांबरापेक्षा पाणी जास्त जवळचं. पाणी खडी आणि डांबर यांच्या मधे शिरतं आणि डांबर सोडवून टाकतं. आपला काळा बसाल्ट याबाबतीत त्यातल्या त्यात बरा, ग्रॅनाइटपेक्षा डांबराला चांगला धरून ठेवतो. पण साचलेल्या पाण्यापुढे तोही किती टिकणार? वरून टँकर गेला की खड्डा तयार.

सीलकोट हा या भेगांवरचा इलाज. जाडी अगदी थोडी, काही मिलिमीटर. त्याने रस्ता मजबूत होत नाही, खचलेला रस्ता सुधारत नाही. तो फक्त ऊन आणि पाणी बाहेर ठेवतो. म्हणूनच रस्ता धड असताना द्यायचा असतो, आणि आपल्याला तो तेव्हाच फालतू खर्च वाटतो!

सरकारी रस्ते मार्चमध्ये होतात, कारण निधी मार्चमध्ये संपवायचा असतो. डांबराचं कॅलेंडर वेगळं आहे. पावसाळ्यानंतर लगेच काम केलं तर खालची ओल आत कोंडते आणि वरचा थर फुगून सुटतो. उल्हासकाठच्या आमच्या जमिनीला सुकायला दिवाळी उलटावी लागते. मेमध्ये केलं तर डांबर जरा जास्त पडलं तरी उन्हात वर पाझरतं आणि चपला चिकटतात, शिवाय वळवाचा पाऊस कधी गाठेल याचा नेम नाही. पाण्यात मिसळलेलं डांबर, म्हणजे इमल्शन, वापरायचं तर त्यातलं पाणी उडून जावं लागतं. दमट हवेत ते रेंगाळतं. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी, कोरडी सकाळ, निदान एक दिवस वाहन नाही. आधी भेगांतलं गवत काढायचं, भेगा भरायच्या, आणि स्कूटरखाली ठिबकलेलं तेल घासून काढायचं, कारण तेलाने डांबर विरघळतं आणि लेप त्यावर धरत नाही.

"आपल्याकडे रस्ते टिकतच नाहीत" म्हणणाऱ्यांना मी पुण्याचा जंगली महाराज रस्ता दाखवतो. १९७०च्या दशकात मुंबईच्या रेकाँडो कंपनीने हॉटमिक्स पद्धतीने तो केला, दहा वर्षांच्या लेखी हमीवर. हमी संपून गेली आणि रस्ता पुढे कित्येक दशकं खड्ड्यांविना राहिला. पाऊस तोच, ऊन तेच, डांबरही तेच.

सभेत एकाने विचारलं, नदीच आली तर तुमचा लेप काय करणार? बरोबर आहे, काहीच नाही. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. त्या दुसऱ्या वेळी महालक्ष्मी एक्सप्रेस इथून जवळच, वांगणीच्या अलीकडे पाण्यात अडकली होती आणि हजारावर माणसं बोटींनी बाहेर काढावी लागली. पण नदी काही दरवर्षी येत नाही. दर जुलैला येते ती साधी सर, आणि रस्ता दारापेक्षा उंच झाला की ती सरही घरात येते. काकूंनी सभेत एकच वाक्य म्हटलं: "माझा पलंग विटांवर चढवायला आता कुणी घरात नाही."

वादावादी झाली. "नवा रस्ता दिसायला छान दिसतो" हाही मुद्दा आला, आणि खरं सांगायचं तर त्यालाच टाळ्या जास्त होत्या. शेवटी ठरलं ते असं: फाटकाजवळचा खचलेला दहा-बारा मीटरचा भाग खोदून काढून, जुन्या पातळीइतकाच भरायचा, बाकीच्या भेगा भरायच्या, आणि जानेवारीत सीलकोट. ठेकेदार खोदाईचे पैसे वेगळे मागतोय. ते द्यायचे ठरलेत. काकूंच्या पायरीवर पातळीची लाल रेघ मात्र मी कालच मारून घेतली.