बंबाची बखर

मराठीत बंब या शब्दाचे दोन अर्थ आहेत. ज्यात आग पेटवतात तो एक बंब. आणि आग लागल्यावर जो घंटा वाजवीत येतो तो दुसरा. पेटवणारा आणि विझवणारा या दोघांना एकच नाव देणारी आपली भाषा मला फार व्यवहारी वाटते. आमच्या बँकेतही कर्ज मंजूर करणारा आणि त्याच कर्जापायी डोक्यावर हात मारून घेणारा साहेब बहुधा एकच असतो.

पोर्तुगीज भाषेत पंपाला 'बॉम्बा' म्हणतात. त्यावरून आपला बंब आला, असे जाणकार सांगतात. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण अर्थातच दुसऱ्या बंबाची. पहिल्या बंबात ती सोय नाही. तिथे आग आणि बंब एकाच ठिकाणी, म्हणजे परसदारी न्हाणीघराशेजारी, गुण्यागोविंदाने नांदत असतात. त्यांचे बिनसले की मगच दुसऱ्याला बोलवावे लागते.

मी इतिहासाचा माणूस नव्हे, साधा बी. कॉम. आहे. पण जमा किती आणि नावे किती हे बघायची सवय हाडीमासी खिळली आहे, आणि त्या दृष्टीने पाहिले तर बंबाइतकी चोख वस्तू दुसरी नाही. ज्यांचा जन्म गीझरच्या अमदानीत झाला त्यांच्यासाठी सांगतो. बंब म्हणजे तांब्याचे उभे, पोटाळलेले भांडे. मधून आरपार एक नळी. नळीच्या तळाशी लोखंडी जाळी, जाळीखाली राखेची जागा. विस्तव नळीत आणि पाणी नळीभोवती. काही बंबांना वरून नरसाळे असते. त्यात तांब्याभर गार पाणी ओतले की ते तळाशी जाते, आणि वर तरंगत आलेले तेवढेच कढत पाणी तोटीतून बाहेर पडते. एक तांब्या जमा, एक तांब्या नावे! लुका पाचोली नावाच्या इटालियन संन्याशाने दुहेरी नोंदीची ही पद्धत १४९४ साली छापील पुस्तकात मांडली. आमच्या आजीने पाचोलीचे नाव ऐकले नव्हते, पण तिच्या हिशेबात कधी पैची तफावत आली नाही.

बंबाचे भाऊबंद जगभर आहेत. रशियातल्या तुला गावी लिसित्सिन बंधूंनी १७७८ साली समोवार घडवायला सुरुवात केली. समोवारातही मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. रशियन माणसाने त्या पाण्याचा चहा केला, आपण आंघोळ केली. ज्याची त्याची निकड. आपल्याकडे बंब घडवणारे म्हणजे तांबट. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईपासून नावाजलेली. भांड्यावर दिसणारे ते चमकदार ठोके केवळ शोभेचे नसतात. ठोकून ठोकून तांबे कणखर होते. हे तत्त्व माणसांनाही लागू पडते, असे आमच्या शाळेतल्या गुरुजींचे मत होते.

आता बखरीतल्या लढायांकडे वळू. पाणी तापवणे हा उद्योग वाटतो तितका सात्त्विक नाही. डेनिस पापँ या फ्रेंच गृहस्थाने १६७९ साली लंडनमध्ये एक घट्ट झाकणाचे भांडे दाखवले. त्यात हाडेसुद्धा मऊ शिजत. आपल्या प्रेशर कुकरचा हा खापरपणजोबा. पण कोंडलेली वाफ ही कोंडलेल्या माणसासारखीच असते. कधी उसळेल याचा नेम नाही. म्हणून पापँने झाकणाला जादा वाफ सोडणारी झडप बसवली. मगच १६८२ साली रॉयल सोसायटीच्या विद्वानांनी त्या भांड्यातले जेवण पोटभर जेवले.

झडप निघाली, पण तिच्यापाशी बसणारा माणूस सुधारला नाही. १८०३ साली लंडनजवळ ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिकचा बॉयलर फुटून चार माणसे गेली. ज्या पोराने लक्ष ठेवायचे ते वाम मासे पकडायला गेले होते, आणि त्याच्या जागी असलेल्याने यंत्र थांबवताना झडप मोकळी केली नाही. ट्रेव्हिथिकने त्यावर दोन उपाय काढले. एकाऐवजी दोन झडपा, आणि बॉयलरला शिशाची एक गुडदी. पाणी कमी झाले की शिसे वितळते, भोक पडते आणि वाफ येऊन आगीवर पडते. पोरगा मासे पकडायला गेला तरी शिसे कुठे जात नाही!

१८६५ च्या एप्रिलात अमेरिकेत मिसिसिपी नदीवर 'सुलताना' नावाची आगबोट फुटली. परवाना ३७६ माणसांचा, आणि बोटीवर दोन हजारांहून अधिक. बहुतेक युद्धकैदेतून सुटून घरी निघालेले सैनिक. गळक्या बॉयलरला घाईघाईने ठिगळ लावले होते. हजाराहून अधिक माणसे मेली. इथे विनोद सुचत नाही. 'आजचा दिवस ढकला, उद्या बघू' हे वाक्य मी ऑफिसात रोज ऐकतो, आणि अलीकडे ते ऐकले की मला ती बोट आठवते.

आपल्याकडे कलकत्त्याला १८६३ साली असाच स्फोट झाला आणि पुढच्या वर्षी बंगालने बॉयलर तपासणीचा कायदा केला. सगळ्या देशाचा कायदा १९२३ चा. त्याच्या जागी २०२५ साली नवा आला. १९२३ च्या मूळ कायद्याच्या लेखी बॉयलर म्हणजे दाबाखाली वाफ तयार करणारे बंद भांडे. यातला 'बंद' हा शब्द महत्त्वाचा. आमचा बंब बंद नसतो. त्याचे झाकण सैल, नरसाळे उघडे. पाणी उकळले तर वाफ भसाभसा बाहेर पडते आणि कुणाचे काही बिघडत नाही. बंबाची सारी सुरक्षितता त्याच्या उघड्या तोंडात आहे. झाकण खडखडते म्हणून त्यावर वरवंटा ठेवणारा, किंवा नरसाळ्यात बोळा कोंबणारा महाभाग हा नकळत पापँच्या काळात परत जात असतो, आणि तेही झडपेशिवाय.

मग बंब अगदीच गरीब गाय का? नव्हे. तो फुटत नाही, पण भडकतो. लाकूड पेटते असे आपण म्हणतो. खरे तर तापलेल्या लाकडातून वायू निघतो आणि तो पेटतो. राखेचे दार लावून नळी गच्च भरली की आत धूर कोंडतो; मग कुणी कुतूहलाने दार उघडून तोंड आत घातले की वारा मिळतो आणि भप्पकन ज्वाळा बाहेर येते. रॉकेलचे तर विचारूच नका. निखाऱ्यावर ओतलेल्या रॉकेलची आधी वाफ होते, मग भडका. आमच्या एका काकांनी ऐन दिवाळीत अभ्यंगाला उशीर होतो म्हणून 'अरे, थेंबभर ओतू' असे म्हणत हा प्रयोग केला. पुढे महिनाभर ते भुवयांवाचून हिंडत होते, आणि चेहऱ्यावर कायम आश्चर्याचा भाव होता.

आजीचे नियम पाठ होते. "आधी पाणी, मग काडी." रिकामा बंब पेटवला तर तोटीचा डाख सुटतो. ट्रेव्हिथिकने जे मुद्दाम केले ते इथे फुकटात होते, फक्त नवा डाख आपल्या खर्चाने. चुकून तसा तापलाच, तर त्यात गार पाणी ओतायचे नाही. विस्तव विझून भांडे निवेपर्यंत थांबायचे. जळण एका वेळी दोन ढलप्या, नारळाची शेंडी चिमूटभर. पदर खोचलेला, पोरे अंगणापलीकडे. दार उघडायचे ते बाजूला उभे राहून आणि हळूहळू. शेजारी गार राखेची पाटी नेहमी भरलेली. भडका उडाला तर, "आधी जळण थांबव, मग खालचं दार लाव!" खालून वारा तुटला की आग आपोआप बसते. वरचे तोंड आधी झाकले, तर ज्वाळा खालून पायावर येते. नळीत पाण्याची बादली तर कधीच ओतायची नाही. वाफ आणि निखारे उलटे अंगावर येतात. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आणि राख सकाळची सकाळी उकिरड्यावर टाकायची नाही, कारण वरून पांढऱ्या दिसणाऱ्या राखेच्या पोटात निखारा दिवसभर जागा असतो. काही सासवांबद्दलही आजी असेच म्हणत असे.

शेवटचा नियम, बंब घराबाहेर. लंडनच्या बेंजामिन मॉन या रंगाऱ्याने १८६८ साली गॅसवर झटपट पाणी तापवायचे यंत्र काढले आणि त्याला गीझर नाव दिले, आइसलंडमधल्या उसळत्या झऱ्यावरून. चूल न्हाणीघरात आली. गॅसचा गीझर चार बाय सहाच्या बंद खोलीत चालतो तेव्हा हवा संपत जाते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. बंबाचा धूर निदान डोळ्यांत पाणी आणून बजावतो तरी. हा मुकाट्याने झोपवतो. थंडीत खिडकी लावून आंघोळीला गेलेली माणसे बाहेर आली नाहीत, अशा बातम्या आपण वाचतोच. तेव्हा गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर बसवावा, आणि हवा जायला-यायला वाट असावी.

इतक्या वर्षांची ही बखर वाचून माझी खात्री झाली आहे की पाणी, वाफ, धूर आणि आगबंबाळ झालेला साहेब, या सगळ्यांना बाहेर पडायला जागा हवी. ती असली, पाणी आधी आणि काडी नंतर असली, आणि राखण करणारा मासे पकडायला गेला नसला, तर पहिला बंब सुखाने पाणी तापवतो, आणि दुसऱ्या बंबाने खुशाल सोमेश्वरीच राहावे.