निकाल पाहून अनुदान

महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला दिलेले निवेदन आपल्याकडे नेहमी उद्धृत होते. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा सरकार वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर उधळते आणि त्याची स्वतःची मुले निरक्षर राहतात, हा त्यातला आरोप सर्वांना ठाऊक आहे. पण शाळांना अनुदान कसे द्यावे, याबद्दल त्याच निवेदनात जे म्हटले आहे, तिथे सहसा कुणी थांबत नाही. आपल्या समाजाने तरी थांबायला हवे.

शिक्षणासाठी पैसा नव्हता असे नाही. मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होऊ लागला. त्यातला एकतृतीयांश शाळांसाठी होता. खासगी शाळांना मिळणारे सरकारी अनुदान वेगळे, आणि ते निकाल पाहून दिले जाई.

ही कल्पना विलायतेतून आलेली. रॉबर्ट लो याने १८६२ मध्ये तिथे नवी नियमावली लागू केली. मुलाच्या हजेरीवर ४ शिलिंग आणि परीक्षेवर ८ शिलिंग. वाचन, लेखन, अंकगणित यांपैकी एका विषयात मूल नापास झाले, की त्या ८ मधला एकतृतीयांश गेला. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा-तपासनीस होता. शिकवणे यांत्रिक झाले, अशी तक्रार त्याने आपल्या अहवालांतून केली. तरीही तीच पद्धत काही वर्षांतच मुंबई इलाख्यात आली. तपासनीस वर्षातून एकदा येणार, मुले तपासणार, जितकी उत्तीर्ण तितके पैसे.

आता मास्तराच्या जागी आपण बसून पाहू. घरात पुस्तके असलेले, दोन वेळा जेवणारे, रोज हजर राहणारे पोर म्हणजे हमखास पैसा. पेरणीला गैरहजर राहणारे, रात्री दिवा नसलेले पोर म्हणजे तोटा. मास्तर वाईट नसला तरी हिशेब त्याला कुठे ढकलतो, हे उघड आहे. निकाल सुधारण्यासाठी पैसा द्यायचा, की निकाल आधी सुधारला तरच द्यायचा, हा खरा प्रश्न होता. फुल्यांनी तो नेमका पकडला. ज्या गरीब, अडाणी लोकांत शिक्षणाची गोडीच अजून निर्माण झालेली नाही, त्यांना ही पद्धत मुळीच उपयोगाची नाही. अशा वस्तीत कोणी शिक्षक स्वतःच्या हिमतीवर शाळा काढणार नाही, कारण त्याचे पोट त्यावर भरणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

याच निवेदनात आपल्याबद्दलही एक वाक्य आहे. मुसलमान या शाळांपासून दूर राहतात, कारण मराठी किंवा इंग्रजीची त्यांना आवड नाही, असे ते म्हणतात. गफ्फार बेग मुन्शींनी ज्यांच्या शिक्षणासाठी गोविंदरावांची समजूत काढली, त्या जोतीरावांच्या लेखणीतून आलेले हे वाक्य वाचताना थोडे खटकते. कोकणातला मुसलमान घरात कोकणी वळणाची मराठीच बोलत होता. १८५७ नंतर उत्तरेतून मालेगाव-भिवंडीला आलेल्या मोमीन विणकराची भाषा वेगळी होती हे खरे. पण मागावर बसणाऱ्या पोराची गैरहजेरी 'नावड' या शब्दात कशी बसवायची? जे कारण त्यांनी शेतकऱ्याच्या मुलाला लावले, तेच इथेही लागू होते, असे मला वाटते.

आयोगाने १८८३ च्या अहवालात मुसलमानांसाठी १७ शिफारशी केल्या. त्यांच्या शिक्षणाला खास उत्तेजन देण्याचा खर्च स्थानिक, नगरपालिका व प्रांतिक निधींवरचा रास्त खर्च मानावा, प्राथमिक शाळांत हिंदुस्थानी भाषा चालावी, प्राथमिकपासून महाविद्यालयापर्यंत शिष्यवृत्त्या द्याव्यात. म्हणजे मागे राहिलेल्यांना पैसा आधी द्यावा लागतो, हे सरकारी कागदावर मान्य झाले. पण शिफारस म्हणजे तरतूद नव्हे. निकालावरचे अनुदान विलायतेत १८९० च्या दशकात संपले; आपल्याकडे ते मोडीत काढण्याची भाषा लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या ठरावात आली. तोवर दोन पिढ्या शाळेबाहेरच वाढल्या होत्या.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले आणि मुस्लिम बोर्डिंगला जागा व पैसा दिला. तिथे राहायला मुलाने आधी काही सिद्ध करायचे नव्हते. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला.

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर परवानगी देण्याचे ठरवले. २००९ मध्ये त्यातला 'कायम' हा शब्द वगळला गेला, पण अनुदानाआधी शाळेचे मूल्यांकन ठेवले गेले. तेव्हा पगाराची वाट पाहणाऱ्या शिक्षकांत आपल्या उर्दू शाळांतलेही होते.